शास्त्रीय लेख वाचावा कसा? प्लेगच्या इतिहासातला एक धडा

महाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोहोचलेल्या विद्यार्थ्यावर एक प्रसंग हटकून येतो. तोवर त्याने पाठ्यपुस्तके वाचलेली असतात. मग एके दिवशी प्राध्यापक त्याच्या हाती एखाद्या नियतकालिकातला मूळ शास्त्रीय लेख ठेवतात आणि म्हणतात, “हा वाचून या.” विद्यार्थी घरी जातो, पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो आणि तिसऱ्या ओळीला अडतो. कोश उघडतो, पुन्हा वाचतो, पुन्हा अडतो. अखेर, “हे आपले काम नव्हे,” असे म्हणून लेख मिटतो. तो हुशार नसतो असे नाही. पाठ्यपुस्तक वाचण्याची रीत त्याने लेखाला लावलेली असते, आणि ती तिथे चालत नाही, इतकेच.

तुम्ही विचाराल की, इतिहास शिकवणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे? त्याला कारण आहे. शास्त्रीय लेख हे एक कागदपत्र आहे, आणि कागदपत्र कसे वाचावे ही तर आम्हा इतिहासवाल्यांची रोजची विवंचना. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रांच्या आधारे बखरींची झाडाझडती घेतली. बखर गोष्ट सांगते, निकाल देऊन मोकळी होते. पत्राला मात्र विचारावे लागते, बाबा रे, तू कोणी लिहिलेस, केव्हा लिहिलेस, कोणाला लिहिलेस, आणि यातले तू डोळ्यांनी पाहिलेले किती नि कानांनी ऐकलेले किती? पाठ्यपुस्तक ही विज्ञानाची बखर आहे आणि शास्त्रीय लेख हे विज्ञानाचे अस्सल पत्र आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पत्र हा शब्द मी केवळ उपमेसाठी वापरीत नाही. शास्त्रीय लेखाचा जन्मच मुळी पत्रातून झाला. सतराव्या शतकात युरोपातले विद्वान आपले शोध एकमेकांना पत्राने कळवीत. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याकडे अशा पत्रांचा ढीग पडे. मार्च १६६५ मध्ये त्यांनी त्यांतली निवडक पत्रे व वृत्ते छापून ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी, दोन महिने आधी, पॅरिसला ‘जुर्नाल दे साव्हां’ निघाले होते. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा असे जे चार कप्पे आजच्या लेखात दिसतात, ते पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकात रूढ झाले. पण आतला आशय तोच राहिला. एक माणूस दुसऱ्याला सांगतो आहे, मी असे केले, मला असे दिसले, त्यावरून मला असे वाटते. तुम्हीही करून पाहा.

या चार वाक्यांतला भेद ज्याला कळला त्याला लेख वाचता आला. हा भेद न कळल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच भूमीत घडलेले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. पुढचे तुम्ही शाळेत वाचलेलेच आहे. लोक मुंबई सोडून पळाले, साथ पुण्याला पोहोचली, घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. हे सारे आपण राजकीय इतिहास म्हणून वाचतो. परंतु या घटनांच्या मुळाशी एक साधा शास्त्रीय प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते. प्लेग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा?

रोगाचा जंतू माहीत होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता आणि मेलेल्या उंदरांतही तो सापडतो हे दाखवले होते. पण उंदरातून माणसात तो येतो कोणत्या वाटेने? कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे अन्नातून, कोणी म्हणे अनवाणी पायांच्या भेगांतून. सरकारने आपल्या समजुतीप्रमाणे उपाय योजले. घरे धुऊन काढली, जंतुनाशके ओतली, भिंतींना चुना फासला, कपडे जाळले, माणसे छावण्यांत नेली. आपल्या खेड्यांतल्या लोकांनी मात्र एक गोष्ट हेरली होती. ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या बांधून राहायचे. कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण निरीक्षण पक्के होते.

या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेतर्फे पॉल-लुई सिमाँ नावाचे एक फ्रेंच लष्करी डॉक्टर इकडे आले. त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारा माणूस आजारी पडतो. मरून एक दिवस उलटलेल्या, थंड उंदराला हात लावला तर सहसा काही होत नाही. दुसरे असे की, काही रोग्यांच्या अंगावर अगदी आरंभी एक बारीक फोड दिसतो, जणू काही चावल्यासारखा. उंदीर थंड झाला की त्याच्या अंगावरून काय निघून जाते? पिसवा!

मग २ जून १८९८ रोजी, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, त्यांनी एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत वाळू घालून तीत प्लेग झालेला उंदीर ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच. मांजरीच्या अंगावरच्या आणखी काही आणून सोडल्या. उंदीर मरायला टेकला तेव्हा तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा वरून बरणीत सोडला. दोन्ही उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून ये-जा करू शकत होत्या त्या फक्त पिसवा. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. त्यानंतर सिमाँ यांनी उलट बाजू तपासली. ज्यांच्या अंगावर पिसवा नाहीत असे प्लेगग्रस्त उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवले. निरोगी उंदीर निरोगीच राहिले.

हे सारे त्यांनी १८९८ मध्येच पाश्चर संस्थेच्या वार्षिकांकांत लेख लिहून प्रसिद्ध केले. लेख छापला गेला, वाचलाही गेला, आणि बहुतेकांनी तो बाजूला ठेवला. प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या हिंदुस्थान प्लेग कमिशनने त्याचा विचार केला आणि प्लेगच्या प्रसारात रक्त शोषणाऱ्या कीटकांना महत्त्व देण्याचे कारण नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष आपल्या अहवालात नोंदवला.

ही मंडळी अडाणी नव्हती. त्या काळातली नाणावलेली माणसे होती. आणि त्यांची शंका सर्वस्वी गैरही नव्हती. सिमाँ यांचे प्रयोग संख्येने थोडे होते. दुसऱ्या काही संशोधकांनी पिसवा चाववून पाहिल्या, तर जनावरांना प्लेग झाला नाही. युरोपात गाल्ली-व्हालेरिओ यांनी असेही दाखवले की, उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही. आता सांगा, तुम्ही कमिशनवर असता तर काय केले असते?

इथे थोडे थांबू. लेख वाचणाऱ्याने कोणते प्रश्न विचारायला हवे होते, ते आपण पाहू.

पहिला प्रश्न असा की, लेखक नेमके कशाला उत्तर देतो आहे? सिमाँ यांच्या आधी, १८९७ मध्ये, जपानचे ओगाता यांनी फोर्मोसात मेलेल्या उंदरांवरच्या पिसवा चिरडून तो अर्क उंदरांना टोचला आणि त्यांना प्लेग होतो हे दाखवले. आता यावरून काय सिद्ध झाले? पिसवेच्या पोटात जिवंत जंतू असतो, एवढेच. ती चावल्याने रोग होतो हे सिद्ध झाले का? नाही. सिमाँ यांच्या लेखाने दुसऱ्या प्रश्नाला हात घातला होता. दोन लेख एकाच विषयावर आहेत म्हणून ते एकच गोष्ट सांगतात असे समजू नये.

दुसरा प्रश्न : एक गोष्ट काढून घेतली तर काय उरते? विज्ञानात याला नियंत्रण किंवा तुलना-प्रयोग म्हणतात. सिमाँ यांच्या लेखाचे खरे बळ बरणीतल्या मेलेल्या उंदरात नाही. पिसवा काढून घेतल्यावर जिवंत राहिलेल्या उंदरांत आहे. विद्यार्थी लेख वाचताना नेमका हाच भाग गाळतात, कारण त्यात ‘काही घडत नाही’. माझे सांगणे असे की, जिथे काही घडले नाही तिथे दुप्पट वेळ थांबा.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत कळीचा : ज्याला सापडले नाही त्याने शोधले कसे? “मला दिसले नाही” आणि “ते नाही” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. युरोपातल्या संशोधकांनी कोणत्या पिसवा वापरल्या होत्या? तिकडच्या थंड हवेतल्या उंदरांवरची सर्वसाधारण पिसू वेगळ्या जातीची असते. मुंबईच्या उंदरावर राहते ती जात निराळी. तिचे शास्त्रीय वर्णनच मुळी १९०३ साली रॉथ्सचाइल्ड यांनी केले आणि आज ती ‘झेनोप्सिल्ला केओपिस’ या नावाने ओळखली जाते. ही जात उंदीर मिळेनासा झाला की माणसाला खुशाल चावते. म्हणजे तिकडच्या प्रयोगाचे निरीक्षण खरे होते, पण ते भलत्याच पिसवेबद्दल होते! लेखातली जाती, जागा, हवामान, मापे ही नीरस वाटणारी माहिती पद्धतीच्या भागात का देतात, ते यावरून ध्यानात यावे.

आता गोष्ट पुढे नेऊ. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ग्लेन लिस्टन नावाचे अधिकारी काम करीत होते. १९०३ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गिनीपिग प्लेगने मेले. लिस्टन यांनी तपासले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. मग त्यांनी मुंबईच्या एका चाळीची हकीकत टिपली. ६ एप्रिलच्या सुमारास चाळीत उंदीर पडू लागले. ते पडणे एकाएकी थांबले आणि ११ तारखेपासून लोकांना पिसवा इतक्या चावू लागल्या की खोल्या सोडून ती माणसे बाहेर पडवीत निजू लागली. १७ तारखेला त्यांच्यापैकी एकाला प्लेग झाला. २० तारखेला लिस्टन यांनी तिथल्या माणसांच्या अंगावरच्या ३० पिसवा गोळा केल्या. त्यांतल्या १४ उंदरांच्या जातीच्या निघाल्या.

आता हा १४ आकडा मोठा की लहान? नुसत्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. लिस्टन यांच्यापाशी दुसरा आकडा होता म्हणून तो बोलू लागला. एरवीच्या दिवसांत माणसांच्या अंगावर पकडलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू केवळ एक निघाली होती. म्हणून माझा चौथा प्रश्न असा : हा आकडा कशाच्या तुलनेत? तक्त्यात एकच रकाना असेल तर दुसरा कुठे आहे, हे लेखकाला विचारा.

लिस्टन यांचा लेख १९०५ साली मुंबईच्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पशुपक्ष्यांची आवड असणाऱ्यांच्या त्या नियतकालिकात आपल्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर साथीची किल्ली छापली गेली!

त्याच वर्षी नवे संशोधक मंडळ परळला कामाला लागले आणि १९०६ पासून त्याचे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये येऊ लागले. त्यांनी मुद्दाम लहान खोल्या बांधून त्यांत प्रयोग केले. प्लेगग्रस्त आणि निरोगी जनावरे पिसवांवाचून अगदी एकत्र ठेवली. रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या, पसरला. मग निरोगी गिनीपिगचे पिंजरे टांगले, एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. हवा दोन्हीकडे एकच. दोन इंचांवरच्या जनावराला लागण झाली, दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसू काही इंचांहून उंच उडी घेऊ शकत नाही. हवेतून रोग येतो हे मत या एका प्रयोगाने निकालात निघाले. इतका साधा प्रयोग कोणालाही समजतो. चांगल्या लेखाच्या पोटात बहुधा असाच एक साधा प्रयोग असतो. तो हुडकून काढणे हे वाचकाचे काम.

सिमाँ यांचा लेख आणि हे अहवाल यांच्यात आठ वर्षे गेली. त्या वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने लक्षावधी माणसे नेली. १९०७ या एका वर्षातच दहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. सिमाँ यांचे म्हणणे लगेच मानले असते तर ही सारी माणसे वाचली असती असे मी म्हणणार नाही. पिसवा मारायला तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती. परंतु उंदीर सोडून माणसांच्या मागे लागण्यात, घरे धुण्यात आणि कपडे जाळण्यात जी शक्ती आणि जो विश्वास खर्ची पडला, त्याचा हिशेब कोण मांडणार? लेख नीट वाचणे ही केवळ परीक्षेपुरती गोष्ट नव्हे, ती अशी.

आणि तरीही एक कोडे उरले होतेच. योग्य जातीची पिसू घेऊनही काही प्रयोग का फसत? त्याचे उत्तर १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी दिले. जंतू पिसवेच्या अन्नमार्गाच्या तोंडाशी वाढून तिथे बोळा बसवतात. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, रक्त आत जात नाही, आणि तेच जंतूंसह परत जखमेत उतरते. असा बोळा बसायला दिवस लागतात. घाईने केलेला प्रयोग फसणारच. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी खारींच्या पिसवांवर प्रयोग करून दाखवले की, काही पिसवा बोळा बसण्याआधीही रोग देऊ शकतात. म्हणजे १९१४ चा लेख खोटा ठरला का? नाही. त्याला एक जोड मिळाली. शास्त्रीय लेख हा शेवटचा शब्द नसतो. चाललेल्या संभाषणातले ते एक वाक्य असते. त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य शोधल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा लागत नाही. लेखाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी त्यासाठीच असते.

आता रोजच्या व्यवहाराच्या चार गोष्टी. लेख एका बैठकीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू नका. पहिल्या फेरीत शीर्षक, सारांश, आकृत्या आणि शेवटचा परिच्छेद एवढेच पाहा आणि लेखाचा प्रश्न आपल्या मराठीत एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमले नाही तर पुढे जाऊ नका. दुसऱ्या फेरीत पद्धती आणि तक्ते वाचा. कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे ‘पाहिले’ आणि उजवीकडे ‘अनुमान केले’ असे लिहीत जा. अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी कोश उघडायचे कारण नाही. जो शब्द तीनदा येतो तेवढाच बघा. तिसऱ्या फेरीत लेखकाशी भांडा. दुसरे काय कारण असू शकेल? तुलनेला काय ठेवले? संख्या किती? लेखक स्वतः कोणत्या उणिवा कबूल करतो? शेवटी आपल्या घरातल्या, विज्ञान न शिकलेल्या माणसाला तो लेख पाच मिनिटांत सांगून पाहा. आजीला पिंजऱ्याचा प्रयोग समजतो. तिला समजला नाही, तर तो तुम्हालाही समजलेला नाही.

आणि छापले म्हणून खरे, असे मानू नका. २०२० च्या करोना साथीत ‘लॅन्सेट’सारख्या मान्यवर नियतकालिकाने मे महिन्यात हजारो रुग्णांच्या माहितीवर आधारलेला एक लेख छापला आणि पंधरवडा उलटायच्या आत, ४ जूनला, तो मागे घेतला गेला. का? जगभरच्या वाचकांनी विचारले, ही माहिती आली कुठून? ती तपासायला देता येईना. प्रश्न साधाच होता. कोणाही दक्ष विद्यार्थ्याला सुचावा असा. १८९८ मध्ये खरा लेख बाजूला ठेवला गेला, २०२० मध्ये आधार नसलेला लेख डोक्यावर घेतला गेला. दोन्हीवर औषध एकच आहे, आणि ते म्हणजे सावकाश, प्रश्न विचारीत केलेले वाचन.

मित्रहो, परळचे ते अहवाल आज संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतात. भाषा जुनी असली तरी सरळ आहे, आणि त्यात आपल्या ओळखीच्या वस्त्यांची नावे भेटतात. पहिला शास्त्रीय लेख म्हणून कोणता वाचावा, असे मला कोणी विचारले तर मी १९०६ च्या त्या अंकाकडे बोट दाखवीन. पेन्सिल घ्या, कागदाच्या मधोमध रेघ मारा, आणि डावीकडे पहिली नोंद करा : पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर.